वयात येताना झोप उशिरा का येते

जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात मुंबईत सूर्य सव्वासातच्या सुमाराला उगवतो. तोवर कित्येक ज्युनियर कॉलेजांमधले सातचे तास सुरू झालेले असतात. डोंबिवलीहून किंवा विरारहून लोकलने येणारा अकरावीतला मुलगा त्यासाठी पाच-साडेपाचला उठलेला असतो. आदल्या रात्री क्लास, जेवण, सराव-प्रश्नपत्रिका आणि थोडा मोबाइल एवढं आटोपून तो अंथरुणाला पाठ टेकतो तेव्हा बारा वाजून गेलेले असतात. पदरात पडते जेमतेम पाच तासांची झोप. अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांच्या अकादमीने २०१६ साली आजवरचं संशोधन तपासून १३ ते १८ या वयासाठी शिफारस केली ती आठ ते दहा तासांची. आठ हा कमीत कमी आकडा धरला तरी रोज तीन तास कमी पडतात.

घरात याचं कारण ठरलेलं असतं: मोबाइल आणि आळस. मोबाइलचा वाटा आहेच, त्याबद्दल पुढे येईल. आळसाचा आरोप मात्र चुकीचा आहे. 'कुंभकर्ण' म्हणून रोज सकाळी उद्धार होणाऱ्या मुलाच्या शरीरात खरोखर काय चाललेलं असतं, हे गेल्या पन्नास वर्षांत बऱ्यापैकी स्पष्ट झालं आहे, आणि ते पालकांपर्यंत आणि शाळांपर्यंत पोचायला हवं.

१९७०च्या दशकात मेरी कार्स्काडन आणि विल्यम डिमेंट या संशोधकांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात उन्हाळी शिबिरं घेतली. त्याच मुलांना त्यांनी वर्षामागून वर्ष बोलावलं आणि रात्री दहा ते सकाळी आठ असे दहा तास झोपायला दिले. मूल मोठं होतं तशी त्याची झोप कमी होत जाते, अशीच तेव्हा सगळ्यांची समजूत होती. निघालं वेगळंच. दहा-अकरा वर्षांची मुलं जितकी झोपली तितकीच, म्हणजे नऊ तासांहून थोडी जास्त, सतरा-अठरा वर्षांचीही झोपली. उलट तेवढीच झोप होऊनही मोठी मुलं दिवसा जास्त पेंगत होती. झोपेची गरज वयात येताना घटत नाही, घटते ती मिळणारी झोप.

पुढे १९९३ साली कार्स्काडन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की रात्री उशिरा जागं राहण्याकडे असलेला कल मुलाच्या इयत्तेपेक्षा त्याच्या शारीरिक वाढीशी जोडलेला आहे. ज्याच्या शरीरात वयात येण्याचे बदल पुढे गेले आहेत, त्याच्या शरीराचं घड्याळही उशिराकडे सरकलेलं असतं.

हे घड्याळ मेंदूत आहे. दोन्ही डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जिथे एकमेकींना छेदतात, त्याच्या किंचित वर सुमारे वीस हजार पेशींचा एक पुंजका असतो. डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावरून तो दिवस-रात्रीचा अंदाज घेतो आणि अंधार पडल्यावर मेलाटोनिन हे संप्रेरक रक्तात सोडायला लावतो. मेलाटोनिन वाढलं की शरीराला रात्र झाल्याचा निरोप मिळतो. दहा वर्षांच्या मुलाला नऊला जांभया येऊ लागतात. सोळाव्या वर्षी हा निरोप तास-दोन तास उशिरा निघतो. त्याच्या जोडीला आणखी एक गोष्ट घडते. आपण जागे असतो तितका वेळ झोपेचा दाब तहानेसारखा वाढत जातो. घड्याळ आणि हा दाब या दोहोंवर मिळून झोप ठरते, ही मांडणी अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ साली केली. वयात आलेल्या मुलांमध्ये हा दाब लहान मुलांपेक्षा सावकाश चढतो, असं पुढच्या प्रयोगांत दिसलं. म्हणून रात्री अकराला घरातले सगळे आडवे होतात आणि पंधरा-सोळा वर्षांची मुलगी टक्क जागी असते. त्यात तिचा हट्ट नसतो. वयात येताना असा बदल काही जातींच्या उंदरांमध्ये आणि माकडांमध्येही नोंदवला गेला आहे, आणि त्यांच्या हातात मोबाइल नव्हता.

हा उशीर कायमचा नाही, हेही सांगायला हवं. जर्मनीत टिल रोनेबर्ग यांनी हजारो लोकांच्या सुट्टीच्या दिवशीच्या झोपेच्या वेळा जमवल्या. वीस वर्षांच्या आसपास माणूस सर्वांत उशिरा झोपणारा असतो, मुली जरा आधी आणि मुलगे जरा नंतर या टोकाला पोचतात, आणि मग झोप हळूहळू पुन्हा अलीकडे येऊ लागते. म्हणजे ज्या वर्षांत शरीर अधिकाधिक उशिरा झोपू पाहतं, नेमक्या त्याच वर्षांत आपण दहावी, बारावी, नीट, जेईई आणि सकाळी सातचे तास आणून ठेवले आहेत.

सकाळच्या बाजूने काय होतं? रात्रभरात गाढ झोप आणि स्वप्नांची झोप आळीपाळीने येतात. गाढ झोपेचा मोठा हिस्सा रात्रीच्या पहिल्या भागात, तर स्वप्नांच्या झोपेचा मोठा हिस्सा पहाटेकडच्या तासांत असतो. पाचचा गजर लावला की कापली जाते ती मुख्यतः ही दुसरी झोप. कार्स्काडन यांनी १९९८ साली एका शाळेतली मुलं तपासली. नववीतून दहावीत जाताना त्यांची शाळेची वेळ ८:२५ वरून ७:२० वर आली होती. त्यांना सकाळी साडेआठला अंधाऱ्या खोलीत डुलकी घेण्याची संधी दिली, तेव्हा ती काही मिनिटांत झोपली, आणि त्यातल्या जवळजवळ निम्म्या मुलांचा मेंदू थेट स्वप्नांच्या झोपेत शिरला. असं एरवी नार्कोलेप्सी नावाच्या निद्राविकारात दिसतं. ही मुलं निरोगी होती. वर्गात बसलेली असली तरी त्यांच्या मेंदूच्या लेखी रात्र संपलेली नव्हती.

आता मनाकडे येऊ. स्वप्नांच्या झोपेत मेंदू दिवसभरातल्या भावनिक अनुभवांवर काम करतो, असं बरंच संशोधन सुचवतं. ही झोप बुडाली की काल वर्गात झालेला अपमान आजही तितकाच झोंबतो. मॅथ्यू वॉकर आणि सहकाऱ्यांनी २००७ साली एक रात्र न झोपलेल्या तरुणांना अस्वस्थ करणारी चित्रं दाखवली आणि त्याच वेळी मेंदूचं स्कॅनिंग केलं. भीती आणि धोका टिपणाऱ्या अमिग्डला या भागाची प्रतिक्रिया झोपलेल्यांच्या तुलनेत सुमारे ६० टक्के जास्त होती, आणि या भागाला आवर घालणाऱ्या कपाळामागच्या मेंदूशी त्याचं नातं सैल झालेलं होतं. ती मंडळी अठरा वर्षांवरची होती. पंधराव्या वर्षी कपाळामागचा हा भाग मुळातच अपुरा घडलेला असतो. त्याची वाढ पंचविशीपर्यंत चालू राहते. तेव्हा न झोपलेल्या मुलाने क्षुल्लक कारणावरून दार आपटलं किंवा दोन मार्क गेले म्हणून रडून आकांत केला, तर त्याला संस्कारांचा प्रश्न समजण्याआधी त्याची गेल्या आठवड्यातली झोप मोजून पाहावी.

डॉक्टर पूर्वी निद्रानाशाकडे नैराश्याचं एक लक्षण म्हणून पाहत. मन खचलं की झोप उडते, आणि मन सावरलं की ती परत येते, असा विचार. तो अर्धाच खरा ठरला. नैराश्य नसलेल्या पण झोपेच्या तक्रारी असलेल्या लोकांचा काही वर्षं माग काढणारे अनेक अभ्यास २०११ साली एकत्र तपासले गेले, तेव्हा अशा लोकांना पुढे नैराश्य येण्याची शक्यता नीट झोपणाऱ्यांच्या दुप्पट निघाली. झोप आधी बिघडते, मन मागाहून, असंही होतं.

तरीही शंका उरते. ज्या मुलाला मनात आधीपासून त्रास आहे तोच उशिरापर्यंत जागत असेल, तर? ही शंका सोडवण्यासाठी जेम्स गँगविश यांनी २०१० साली एक चांगली युक्ती केली. अमेरिकेतल्या १५ हजारांहून जास्त किशोरवयीन मुलांच्या माहितीत त्यांनी मुलं कधी झोपतात यापेक्षा आईवडिलांनी झोपण्याची वेळ कोणती ठरवून दिली आहे, हे पाहिलं. ती वेळ घराच्या शिस्तीवर अवलंबून असते, मुलाच्या मनःस्थितीवर तितकी नाही. ज्यांच्या घरी मध्यरात्र किंवा त्यानंतरची वेळ चालत होती त्यांच्यात, दहाला किंवा त्याआधी झोपवल्या जाणाऱ्या मुलांपेक्षा, नैराश्याची शक्यता २४ टक्के आणि आत्महत्येचे विचार येण्याची शक्यता २० टक्के जास्त होती.

त्याहून पक्का पुरावा ब्रिटनमधून आला. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत २६ विद्यापीठांमधल्या, निद्रानाशाने त्रासलेल्या ३,७५५ विद्यार्थ्यांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाला झोपेच्या सवयी आणि झोपेविषयीचे विचार बदलणारा ऑनलाइन उपचार दिला, दुसऱ्याला नेहमीची काळजी. उपचार फक्त झोपेवर होता; पण झोप सुधारली तसा संशयीपणा आणि भासही कमी झाले, आणि नैराश्य व चिंताही उतरली. हे विद्यार्थी शाळकरी मुलांपेक्षा मोठे होते, हे लक्षात ठेवायला हवं. तरी बिघडलेली झोप हे मनाच्या आजारामागचं एक खरं कारण आहे, आणि त्याला हात घालता येतो, एवढं यातून नक्की कळतं.

झोप कमी होते त्या प्रत्येकाला नैराश्य येत नाही. घरातली मारझोड, गरिबी, जातीवरून मिळणारी वागणूक, फी भरण्याची चिंता, नापास होण्याची भीती ही कारणं झोपेने नाहीशी होत नाहीत. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयाच्या ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक विकार आढळले होते. २०२२ सालच्या राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या नोंदीनुसार देशात १३ हजारांवर विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या, आणि राज्यांमध्ये महाराष्ट्राचा आकडा सर्वांत मोठा होता. त्यातल्या एकाही मृत्यूचं कारण एका शब्दात सांगता येणार नाही. पण या सगळ्या कारणांपैकी बदलायला सर्वांत सोपं कोणतं, असं विचाराल तर माझं उत्तर झोप हेच आहे.

आपल्याकडचा एक जुना आग्रह इथे आड येतो. पहाटे केलेला अभ्यास डोक्यात पक्का बसतो, असं आजोबा सांगत आले. त्यांचं खोटं नव्हतं. ते कंदिलाच्या उजेडात जेवून साडेआठ-नऊला झोपत. चारला उठेपर्यंत त्यांची सात तासांची झोप झालेली असे. आता चारचा गजर तसाच राहिला आणि झोपायची वेळ बारावर गेली. शिकलेलं लक्षात राहण्याचं मोठं काम झोपेतच होतं, त्यामुळे झोप मोडून केलेली उजळणी पुष्कळदा आदल्या दिवशीच्या अभ्यासाचंच नुकसान करते. सिंगापूरमध्येही आपल्यासारखाच परीक्षेचा ताण. तिथल्या संशोधकांनी १५ ते १९ वयाच्या ५६ मुलांपैकी एका गटाला आठवडाभर रात्री पाचच तास झोपू दिलं. लक्ष, तात्पुरतं लक्षात ठेवण्याची क्षमता, मनःस्थिती, सगळं दिवसेंदिवस घसरत गेलं. नंतर दोन रात्री नऊ-नऊ तास झोपूनही ती पूर्ववत झाली नाहीत. रविवारी भरपाई होईल, हा हिशेब जमत नाही. शिवाय रविवारी दुपारी बारापर्यंत झोपलं की शरीराचं घड्याळ आणखी उशिराकडे सरकतं आणि सोमवारची सकाळ जास्तच जड जाते.

मोबाइलचा वाटा किती? डोळ्याच्या दृष्टिपटलात काही पेशी अशा आहेत, ज्या निळसर उजेडाला खास प्रतिसाद देऊन मेलाटोनिन रोखतात. मोबाइलचा उजेड त्यात भर घालतो, पण खोलीतल्या ट्यूबलाइटचाही घालतो, आणि त्याची वर्गात, घरात कुठेच चर्चा होत नाही. माझ्या मते मोबाइलमधला खरा अडथळा त्यावर येणारा मजकूर आहे. वर्गाच्या ग्रुपवर साडेअकराला कुणीतरी टेस्टचे मार्क टाकतं, कुणाचं कुणाशी भांडण पेटतं, आणि आपण नसताना काय बोलतील या धास्तीने मुलगी फोन खाली ठेवत नाही. रील्स संपत नाहीत, म्हणून रात्रही संपत नाही. फोन रात्री दुसऱ्या खोलीत ठेवा, हा सल्ला बरोबर आहे. फक्त तो दुसरी खोली असणाऱ्यांना देता येतो. चाळीतल्या किंवा वस्तीतल्या एका खोलीत बापाची शिफ्ट रात्री अकराला संपते, टीव्ही चालू असतो, आजी खोकत असते. तिथे मुलाची झोप ही सगळ्या घराची गोष्ट असते. दिवा कधी मालवायचा, आवाज कधी बंद करायचा, हे घराने मिळून ठरवलं तरच तिथे काही बदलतं.

आणि उरलेली गोष्ट शाळेची. ती सूर्यावर नाही, घड्याळावर भरते. भारताची प्रमाणवेळ उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेखावृत्तावर ठरली आहे. मुंबईचा सूर्य तिच्या सुमारे ३९ मिनिटं मागे चालतो.  गडचिरोलीत सात वाजता जितका दिवस वर आलेला असतो, तितका मुंबईत यायला आणखी सुमारे अर्धा तास लागतो. सूर्यास्त उशिरा होणाऱ्या पश्चिमेकडच्या जिल्ह्यांत मुलं उशिरा झोपतात, पण शाळेची वेळ बदलत नसल्याने तितकीच लवकर उठतात. सूर्यास्त तासभर उशिरा होत असेल तर झोप सुमारे अर्ध्या तासाने घटते, असं मौलिक जगनानी यांनी भारतातल्या आकडेवारीवरून दाखवलं आहे.

शाळेची वेळ पुढे नेली तर मुलं तेवढाच वेळ जास्त जागतील, हा आक्षेप सगळीकडे घेतला जातो. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या इडायना गावाने १९९६ साली आपलं हायस्कूल ७:२० ऐवजी ८:३० ला सुरू केलं. सिएटल शहराने २०१६ साली ७:५० चे ८:४५ केले. तिथे मुलांच्या मनगटावर हालचाल नोंदवणारी यंत्रं बांधून मोजमाप घेतलं, तेव्हा रोजची झोप ३४ मिनिटांनी वाढलेली होती. मुलं आधीच्याच सुमाराला झोपत होती, फक्त सकाळी जरा उशिरा उठत होती. कॅलिफोर्नियाने २०१९ साली कायदा केला, २०२२ पासून तिथली बहुतेक हायस्कुलं साडेआठच्या आधी भरत नाहीत.

महाराष्ट्रातही हा विषय निघाला. मुलांची झोप होत नाही, शाळेच्या वेळा बदला, असं तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी २०२३ च्या डिसेंबरात सांगितलं, आणि २०२४ च्या फेब्रुवारीत शासनाने पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय काढला. चिमुकल्यांना मिळालेला हा तास योग्यच आहे. पण ज्यांचं शरीर उशिराकडे झुकलेलं असतं ती मुलं आठवी ते बारावीतली, आणि हा निर्णय चौथीवर थांबतो. दोन सत्रांत भरणाऱ्या शाळेत कुणाला तरी सकाळचं सत्र घ्यावं लागणार, बसचे मार्ग आणि शिक्षकांचं प्रवासाचं गणित आहे, दुपारचे क्लास आहेत, हे सगळं मान्य. तरी ज्युनियर कॉलेजचा पहिला तास सातला ठेवण्याची जी कारणं दिली जातात, त्यांत विद्यार्थ्याच्या झोपेचा विचार कुठेच नसतो. तो मांडला जायला हवा, पालक-शिक्षक सभेत आणि शिक्षण खात्यातही.

वेळा बदलेपर्यंत घरी करण्याजोगं थोडं आहे. उठल्यावर पंधरा-वीस मिनिटं गच्चीत, अंगणात किंवा खिडकीशी उजेडात बसलं की घड्याळ अलीकडे सरकायला मदत होते. सुट्टीच्या दिवशी तास-दीड तास जास्त झोपू द्यावं, त्याहून जास्त नको. संध्याकाळी पाचनंतर चहा-कॉफी टाळावी. कॅफिनचा अर्धा अंमल पाच-सहा तासांनीही शिल्लक असतो. कॉलेजातून आल्यावर वीस मिनिटांची डुलकी चांगली, दोन तासांची नको. आणि झोप येत नसलेल्या मुलाला साडेनऊला बळेच अंथरुणात धाडू नये. नेहमीच्या झोपेच्या वेळेआधीचा तास-दीड तास शरीर उलट जास्त सावध असतं. तेव्हा कूस बदलत पडून राहिलं की अंथरूण हीच काळजी करण्याची जागा होऊन बसते. वेळ दर काही दिवसांनी पंधरा मिनिटांनी मागे आणावी. मेलाटोनिनच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नयेत.

आठवड्यातून तीनपेक्षा जास्त रात्री डोळ्याला डोळा लागत नाही आणि हे महिन्याहून जास्त चाललं आहे, मूल पहाटे तीनला जागं होऊन सुन्न बसतं, आवडत्या गोष्टींतून त्याचं मन उडालं आहे, असं दिसलं तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटावं. जोरात घोरणं आणि मध्येच श्वास अडकणं याला कान-नाक-घसा तज्ज्ञ लागतो. याउलट, मूल सलग काही दिवस दोन-तीनच तास झोपतं, तरी थकत नाही, अखंड बोलतं, भलतेच बेत आखतं, तर तेही आजाराचं लक्षण असू शकतं आणि त्यात दिरंगाई करू नये.

"मला उदास वाटतं" हे वाक्य आपल्याकडची मुलं घरात सहसा उच्चारत नाहीत, मुलगे तर नाहीच. "रात्री झोप येत नाही" हे मात्र ती सांगतात, कारण त्यात कमीपणा वाटत नाही. म्हणून वर्गशिक्षकाने, मामाने, शेजारच्या काकूने विचारावं ते झोपेबद्दल: किती वाजता पडतोस, किती वेळाने लागते, पडल्यावर डोक्यात काय येतं? तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात पुष्कळदा सगळं बाहेर येतं. मरणाचे विचार येतात असं मुलाने सांगितलं, तर त्याला एकटं सोडू नये, उपदेश करू नये, आणि त्याच दिवशी मदत घ्यावी. केंद्र सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे आणि तिथे मराठीतून बोलता येतं. हा फोन पालकही करू शकतात; मूल स्वतः बोलायला तयार होईपर्यंत थांबायची गरज नाही.